घाबरलेलं विकायचं नाही

३ जून

दादा,

डबा उघडण्याआधी हे पत्र वाच. डब्यातला बर्फ दोन दिवस टिकेल. तुझा राग त्याहून जास्त टिकतो, म्हणून पत्र वर ठेवलं आहे.

बाबा गेले त्या आठवड्यात आपण फोनवर एकमेकांना जे बोललो ते विसरायचं ठरलं होतं. यापुढे पत्रंच लिहायची, कारण कागदावर ओरडता येत नाही, हेही ठरलं होतं. त्याला नऊ महिने होत आले. तू एक ओळ लिहिली नाहीस, मीही नाही. तेव्हा पहिली हार माझी.

डब्यात जे आहे ते मटण दिसतं, पण त्यात बोकडाचा कणही नाही. वाटाण्याची प्रथिनं, खोबरेल तेल, बीटाचा रस आणि माझी आठ महिन्यांची झोप एवढंच आहे. कारखान्यात आम्ही याला नमुना सत्तावीस म्हणतो. आधीचे सव्वीस कचऱ्यात गेले. एकतीस ऑगस्टपर्यंत चव विभागाची प्रमुख म्हणून माझी सही झाली की हा बाजारात जाईल. दाब मोजणारं यंत्र म्हणतं, हुबेहूब. चाखणारे म्हणतात, हुबेहूब. पण मी खाटकाची मुलगी आहे. मला यंत्राचा दाखला पुरत नाही.

आठवतं ना, बाबा कापलेल्या मांडीवर अंगठा दाबायचे आणि उचलायचे. खळगा सावकाश भरून आला की मान हलवायचे. मांस ताठ लागलं, खळगा पडलाच नाही, तर एक शब्द न बोलता सगळं उचलून शेडमागच्या खड्ड्यात. वर माती लोटायची आणि खड्ड्याला म्हणायचं, "चुकलो." शेवटच्या घटकेला जनावर भ्यायलं की भय मांसात उतरतं, आणि घाबरलेलं विकायचं नाही, हा त्यांचा एकमेव कायदा. म्हणून ते कापण्याआधी तास तास जनावराच्या कानाशी बोलत बसायचे.

तो अंगठा आता तुझ्याकडे आहे. दाबून बघ आणि खरं सांग.

आणखी एक. मी मांसाहाराविरुद्धच्या भाषणात त्यांच्या हातांबद्दल बोलले, त्याला सात वर्षं झाली. त्यानंतरची सहा वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. दर रविवारी मी फोन करायचे, तू तो त्यांच्या कानाला लावायचास आणि मला नुसता श्वास ऐकू यायचा. मी एकटीच बोलायचे आणि ठेवून द्यायचे. शेवटी तरी माझ्यासाठी काही म्हणाले का, एवढं मला कधीतरी सांग.

तुझी,
तोफ

१२ जून

तोफेस,

पत्र मिळालं, डबा मिळाला. डबा तुझ्या वहिनीने फ्रीजरमध्ये टाकला आणि पत्र मी चार दिवस खिशात घालून फिरलो. त्याच्याच पाठीवर हे लिहितोय; त्याला दुकानाचा वास लागलाय, तुझ्या फायलीत ठेवू नकोस.

वाटाण्याला मटण म्हणायचं असेल तर उद्यापासून मला भाजीवाला म्हण. लोकांना वाटाण्याच्या अक्षता लावतात हे ऐकून होतो, आता त्याचा कारखाना निघाला. मला एक कळत नाही. तुम्हाला मटण सोडायचं आहे ना? मग सोडा की. सोडलेल्या बायकोचा फोटो पाकिटात घेऊन फिरणाऱ्यासारखं काय हे? चव तीच हवी, रंग तोच हवा, वरून रक्तासारखं काहीतरी ठिबकायलाही हवं. फक्त मारलं कुणी हे विचारायचं नाही. माझं गिऱ्हाईक निदान शेडच्या दारात येऊन उभं राहतं. काय खातोय ते त्याला ठाऊक असतं.

आणि वाटाणा काय आपणहून चालत गिरणीत येतो? त्या शेतात नांगर फिरतो तेव्हा किती उंदीर, किती साप, किती ससे चिरडले जातात ते तुझ्या भाषणात कधी आलं नाही. त्यांच्या कानाशी कोण बोलतं? बाबा निदान बोलायचे.

दुकान व्यवस्थित चालू आहे. आईचे गुडघे दुखतात, जीभ नाही. ती विचारते, पोरगी वाटाणे खाऊन वाळली असेल ना.

शेवटी बाबा काही म्हणाले नाहीत. माणूस झटक्यात गेला. पुन्हा विचारू नकोस.

डबा बघेन सवडीने.

दादा

२० जून

दादा,

माझं ऐकून घे, आणि या वेळी ताटावरून उठून जाऊ नकोस.

शेतात उंदीर मरतो हे खरं आहे. मी ते नाकारत नाही. पण तुझा बोकडही काही हवा खाऊन वाढत नाही. त्याच्या चाऱ्यालाही शेत लागतं, तिथेही नांगर फिरतो. म्हणजे त्या उंदराला तू आधी मारतोस आणि मग बोकडाला. माझ्या ताटात एक मरण असेल तर तुझ्या ताटात दोन आहेत. हा हिशेब मी लहानपणी मांडला असता तर कान पिळला असतास. आता कानापर्यंत तुझा हात पोचत नाही.

बाबा बोलायचे. मान्य. मी त्या शेडमध्येच बोलायला शिकले. पण जगात किती खाटीक बोलतात? लोक जे खातात त्यातलं बहुतेक मांस पट्ट्यावरून पुढे सरकवलेल्या जनावरांचं असतं. पुढच्याचं काय झालं ते बघत बघत मागचं पुढे येतं. त्यांच्यासाठी खड्डा नसतो आणि चुकलो म्हणणारंही कुणी नसतं. एका सज्जन खाटकाच्या पाठीमागे हजार कत्तलखाने लपून बसतात, दादा, आणि आपण त्या सज्जनाची मुलं आहोत म्हणून आपल्याला ते दिसत नाहीत. मला दिसले. त्या दिवशी मंचावर मी त्यांच्यावर ओरडायला उभी राहिले होते, आणि हाताशी हात सापडले ते बाबांचे.

सोडलेल्या बायकोचा फोटो मात्र बरोबर लागला. पण ऐक. मी दहा वर्षं भाषणं केली. सभागृहं भरली, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या वाजवून लोक बाहेर जाऊन तेच खायला बसले. उपदेशाने जीभ बदलत नाही. म्हणून मी माईक खाली ठेवला आणि चमचा उचलला. लोकांना चव सोडवत नसेल तर चव देते, जीव वाचवते. यात लबाडी असेल तर असू दे. चांगल्या कामाची लबाडी आहे.

आता एक गोष्ट सांगते, हसू नकोस. आमच्याकडे चाखणारे बारा जण आहेत. वेगवेगळ्या कप्प्यांत बसतात, एकमेकांना दिसत नाहीत. नमुना सत्तावीस त्यांना फार आवडला. रसाळ, गडद, भरपूर, असे शेरे आहेत. पण मी काचेमागून बघत होते. प्रत्येक जण दुसऱ्या तिसऱ्या घासाला चावता चावता थांबला आणि त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. बाराच्या बारा जणांनी. दार बंद होतं. मी नंतर विचारलं, काय झालं? कुणालाच आठवत नव्हतं.

तू "व्यवस्थित" हा शब्द आजवर कधी वापरलेला नाहीस. दुकान खरंच चालू आहे ना?

तोफ

९ जुलै

तोफे,

आज डबा उघडला. तीन तास बाहेर ठेवला, पाटावर घेतला, हात धुतले, अंगठा दाबला.

हे विकू नकोस.

मांडीचा तुकडा म्हणून तू जो केला आहेस तो ताठ आहे. अंगठा रुतत नाही. उचलला की जिथल्या तिथे. कडेला बोटाला चिकटतं. रंग काळपट लाल. मी आईला काही न सांगता तिच्यासमोर धरला. तिने चष्मासुद्धा लावला नाही. नुसतं बोट टेकवलं आणि म्हणाली, "हे आत का आणलंस? खड्ड्यात टाक."

मी म्हटलं, आई, हा वाटाणा आहे.

ती म्हणाली, "मग वाटाणा घाबरलेला आहे."

तिने हात तीनदा धुतले. मला हे थट्टेत काढायचं होतं, पत्राला चांगली सुरुवातही सुचली होती. पण जमत नाही. जे कधी जिवंतच नव्हतं ते भ्यायलं कसं? तू हे कशावरून केलंस? कुठलं मटण समोर ठेवून?

खरं सांग. मला वाटतंय ते नसू दे.

दादा

१४ जुलै

दादा,

तुझं पत्र वाचून पहिला विचार आला की तुला जिंकायचं आहे, आणि त्यासाठी तू आईलाही साक्षीला उभं केलंस. दुसरा विचार यायला एक दिवस लागला. मी कपाटातून ऑक्टोबरची वही काढली.

विसरलास का? मी तुझ्याकडेच मागितलं होतं. बाबांना जाऊन महिना झाला होता. कंपनीने प्रमाण म्हणून कुठल्यातरी मोठ्या कत्तलखान्याचं मटण आणलं होतं, ते मी परत पाठवलं. म्हटलं, नक्कल करायचीच तर माझ्या बापाच्या दुकानातल्या मटणाची करेन. निदान ज्याच्याशी कुणी बोललं होतं अशा जनावराची. कंपनीच्या माणसाकरवी तुला तोंडी निरोप धाडला. तू तीन किलो पाठवलंस. बर्फाचा डबा होता, चिठ्ठी नव्हती. मला वाटलं, रागात आहे, पण पाठवलं तरी.

ते मांस आम्ही आठ महिने उणे तापमानात जपलं. प्रत्येक नमुना त्याच्याशी ताडून पाहिला. किती दाबलं तर किती परत येतं, किती पाणी धरतं, रंग किती, आम्लता किती. आम्लतेचा आकडा नेहमीपेक्षा वेगळा होता. माझ्या मदतनीस बाईंनी दोनदा दाखवला. मी म्हटलं, तो आमच्या दुकानाचा गुण आहे. घाबरलेलं मांस पाणी धरून ठेवतं, गडद होतं, म्हणून जिभेला रसाळ लागतं. हे पुस्तकात आहे, मी वाचलेलं आहे, आणि माझ्या बापाच्या दुकानाबाबत ते खरं असेल असा विचारही मला शिवला नाही.

आणि मी त्याला हात लावला नाही. मांसाला हात न लावता मला अकरा वर्षं झाली. हातमोजे घातले, चिमट्याने उचललं, यंत्राखाली ठेवलं, तोंड फिरवलं. उघडा अंगठा एकदा, फक्त एकदा टेकवला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

ऑक्टोबरच्या डब्यात काय होतं, दादा?

तोफ

२ ऑगस्ट

दादा,

एकोणीस दिवस झाले. वहिनीला फोन केला, ती म्हणाली, "ते शेडमध्ये आहेत," आणि मागून माझाच आवाज ऐकू आला. माझं जुनं भाषण. मग तो मध्येच बंद झाला. मी विचारलं, हे काय? तिने फोन ठेवला.

कारखान्यात पाकिटांची छपाई झाली. मी काही खात नाही, कारण मान दाराकडे वळते.

लिही.

८ ऑगस्ट

तोफे,

लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहितो.

बाबांचा घसा कापला होता. आत गाठ होती, ती काढताना आवाज गेला. जाण्याआधी तीन वर्षं ते मुके होते. तुला "घशाचं थोडं दुखणं आहे" एवढंच सांगितलं, कारण त्यांनी पाटीवर लिहून ताकीद दिली होती, "तिला कळवू नका. ती बोलायची थांबेल." तू सहा वर्षं म्हणतेस. पहिली तीन रागाची होती, ती मी नाकारत नाही. पुढची तीन ते दर रविवारी फोन कानाला लावून तुझं सगळं ऐकायचे. बोलायला काही नव्हतंच त्यांच्याकडे, श्वासाशिवाय.

आवाज गेला आणि शेडमधली जनावरं बसेनात. बाबा कानामागे खाजवायचे, चारा भरवायचे, तरी डोळे फिरायचे. मी बोलून बघितलं. माझ्या आवाजाने बोकड दावं तोडायला बघायचे. मग एके दिवशी बाबा पोत्यावर बसून फोनवर तुझं भाषण ऐकत होते. तेच, त्यांच्या हातांचं. आणि बोकड खाली बसला. तुझा आवाज त्यांच्यावर गेलाय, तुला कुणी सांगितलं नाही का? चढउतार तोच.

त्या भाषणाची सुरुवात आठव. तू पाच वर्षांची, चाऱ्याच्या पोत्यावर बसलेली, बाबा बोकडाच्या कानाशी काहीतरी पुटपुटताहेत, आणि तुला वाटतं ते त्याला गोष्ट सांगताहेत. चार मिनिटं तू असं मऊ बोलतेस. मग म्हणतेस, "आणि मग." तिथून तुझी तोफ सुटते. बाबा रोज सकाळी ते लावायचे आणि "आणि मग"च्या आधी बंद करायचे. तीन वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

अठरा सप्टेंबरला बंद करायला कुणी नव्हतं.

मी दुकानात होतो. शेडमधून तुझा आवाज वाढत चाललेला ऐकला आणि धावलो. बाबा कुशीवर पडलेले, मुठीत चारा तसाच. फोन हातातून सुटून ठोकळ्याखाली गेलेला. आणि तू. "या हातांना माफी नाही, माझ्या बापाच्या हातांनाही नाही." पत्र्यावर आदळून दुप्पट होऊन परत येत होतं. बोकड दाव्याला हिसके देत होता, तोंडाला फेस, बाबांच्या अंगावरून उड्या मारत होता. बाबांच्या नाकाशी हात धरला, काही नव्हतं. फोन सापडेना. तू ओरडत होतीस, बाबा गप्प होते, आणि मला थांबवता येण्यासारखं समोर एकच होतं.

मी सुरा घेतला.

घाबरलेलं विकायचं नाही, ही पुढची गोष्ट. घाबरलेलं कापायचंच नाही. मी कापलं. त्याची भीती दिसत असताना कापलं, रागाने कापलं, आणि राग त्याच्यावर नव्हता.

विकलं नाही. पण पुरताही येईना. खड्ड्याशी उभं राहून चुकलो म्हणावं लागतं, ते तोंडातून निघेना. म्हणून फ्रीजरमध्ये ठेवलं. आणि महिन्याने तुझा निरोप आला, बाबांच्या दुकानातलं पाठव. मला वाटलं, हे तुझंच आहे, तुझं तुला जाऊ दे. सूडही होता त्यात, खोटं कशाला बोलू. पण तू डबा उघडशील, अंगठा टेकवशील आणि मी न सांगता तुला कळेल, असंही वाटलं होतं. खाटकाची पोरगी चिमट्याने उचलेल हे माझ्या ध्यानात आलं नाही.

तेव्हापासून माझ्या हातून एकही जनावर कापलं गेलेलं नाही. दुसरीकडून कापून आणतो आणि विकतो. त्याला व्यवस्थित म्हणालो.

त्या दिवशी शेडमध्ये दुसराही बोकड होता, कोपऱ्यात बांधलेला. त्याने सगळं पाहिलं. तो अजून आहे. माणूस आत आला की भिंतीला चिकटतो, खात नाही. एकाच आवाजाला कान टवकारतो. म्हणून मी रोज सकाळी लावतो आणि चौथ्या मिनिटाला बंद करतो. मग खातो.

ते शेवटी काही म्हणाले का, हे तू पहिल्याच पत्रात विचारलंस. म्हणायला आवाज नव्हता गं. तेवढ्यापुरतं मी खरं लिहिलं होतं.

तुझी सही व्हायची आहे. हवं तर मी एक करतो. नियमाने, शांतपणे, बाबांसारखं. सुऱ्याला धार लावून ठेवली आहे. नवा नमुना पाठवतो, त्यावरून पुन्हा कर.

दादा

२६ ऑगस्ट

दादा,

नवा नमुना नको. माझ्यासाठी एकही जीव नको, शांतसुद्धा नको. तू माझ्यासाठी पुन्हा सुरा धरायला तयार झालास हे मी विसरणार नाही. पण नको.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी शीतगृहात गेले. ऑक्टोबरच्या डब्यातला शेवटचा तुकडा काढला, हातमोजे काढले आणि अंगठा टेकवला. अकरा वर्षांनी. नंतर सत्तावीसवर टेकवला. दोन्हींत काही फरक नव्हता. मी इतकी हुशार निघाले, दादा. बाबांचा शेवटचा क्षण मी दशांशापर्यंत उतरवून घेतला.

कंपनीच्या मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, मी सही करणार नाही, हे बाजारात जाता कामा नये.

"चव बिघडली का?"

"नाही."

"कुणी आजारी पडेल?"

"नाही."

"मग त्यात आहे तरी काय?"

"भीती."

बाई हसल्या नाहीत. चांगल्या बाई आहेत, दहा वर्षं व्हीगन आहेत, माझंच भाषण ऐकून झाल्या. त्यांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात विचारलं, "कुणाची भीती? इथे कुणी मेलंच नाही. म्हणून तर आपण हे करतो ना?"

ज्या बाईला सभागृहात कुणी गप्प करू शकलं नाही ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. बाईंनी कागद पुढे केला. आजवरच्या सगळ्या नमुन्यांत सर्वांत जास्त गुण यालाच होते. "लोकांना हेच आवडतंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही थकला आहात. तुम्ही नाही केली तर सही दुसरं कुणी करेल."

मी आयुष्यभर मंचावरून सांगत आले की मरणाऱ्याचं भय खाणाऱ्याच्या पोटात उतरतं. टाळ्यांचं वाक्य होतं ते. लोकांनी ते जेवण सोडावं म्हणून मी ते वाक्य घडवलं, आणि आता तेच मी पाकिटात भरून त्यांना वाढते आहे, मरणारा मात्र कुठेच नाही. जनावर वाचवायला निघाले आणि त्याची भीती तेवढी वाचवली.

मी सही केली नाही. राजीनामा दिला.

रविवारी येते. आईला सांग, वाळले नाही. शेडचं दार उघडं ठेव आणि त्या दिवशी सकाळी फोन लावू नकोस. मी स्वतः बोलेन.

तोफ

४ ऑक्टोबर

तोफे,

तू जाऊन महिना झाला. आई अजून तुझं ताट मांडते आणि मग माझ्यावर चिडते.

बोकड खातो. तू पोत्याजवळ खाली बसलीस आणि त्याच्याशी बोललीस ते मी दारातून ऐकत होतो. तू भाषण केलं नाहीस. तू त्याला आपल्या भांडणांच्या गोष्टी सांगितल्यास, मी तुझी वेणी दाव्याला बांधली होती तीसुद्धा. तो भिंतीपासून सुटून पुढे आला तेव्हा मला वाटलं, झालं, सुटलो आपण सगळे.

पण तो तुझ्याकडे बघत नव्हता. बाबा बसायचे त्या रिकाम्या पोत्याकडे बघत होता. आणि मान अशी कलती धरली होती, जशी कानामागे कुणी खाजवत असलं की धरतात. तुलाही ते दिसलं. आपण दोघं घरात आलो, चहा प्यायलो आणि त्यावर बोललो नाही. आजही बोलायचं नाही. फक्त दिसलं होतं, एवढं लिहून ठेवतो.

काल तुमचं पाकीट इथल्या दुकानात आलं. चकचकीत, वर हिरवं पान. मी प्लास्टिकवरूनच अंगठा दाबला. ताठ. शेजारी एक बाई दोन पाकिटं घेत होती. मी म्हटलं, "ताई, हे घेऊ नका." ती म्हणाली, "का? यात मटण नाहीये." मी काय सांगणार? खाटीक वाटाण्याची चहाडी करतोय म्हणाले असते. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि निघून गेली.

उरलेली बारा पाकिटं मी घेतली. घरी आणली, फोडली, शेडमागे खड्डा केला. आई ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "वाटाणे पुरतोयस, उगवून आले म्हणजे?" तिला हसू आलं, मला आलं नाही. माती लोटली. उभा राहिलो. आणि एक वर्ष जे निघत नव्हतं ते निघालं. चुकलो, म्हणालो. दोनदा म्हणालो. एकदा त्या बोकडासाठी. दुसऱ्यांदा कुणासाठी ते तुला कळेल.

मी मटण सोडलेलं नाही, उगाच टाळ्या वाजवू नकोस. पण शेडमधला हा बोकड म्हातारा होऊन मरेल, हे नक्की.

कारखाना रोज किती पाकिटं काढतो ते कळव. इथल्या दुकानात येतील तेवढी मी घेऊ शकतो.

दादा

११ ऑक्टोबर

दादा,

रोज चाळीस हजार. खड्डा पुरणार नाही.

दुसऱ्या चुकलोचा निम्मा वाटा माझा. तो मी बाबांना फोनवर कितीतरी रविवार म्हणायचं टाळत आले. जुन्या घराच्या गोष्टी सांगायचे, हवापाणी सांगायचे, तेवढं एक सोडून. ते ऐकत होते हे आता कळलं.

काल मी पुन्हा माईकसमोर उभी राहिले. सभागृह मोठं होतं, पहिल्या रांगेत मोठ्या बाई होत्या. मी तीच सुरुवात केली. पाच वर्षांची मी, पोतं, बापाचं पुटपुटणं. चार मिनिटं. मग म्हटलं, "आणि मग." लोक सरसावून बसले, त्यांना पुढचं पाठ आहे. पण या वेळी पुढे बाबांचे हात नव्हते. माझे होते, हातमोजे घातलेले. मी सांगितलं की मारणाऱ्याने हात लपवले की काय होतं, खाणाऱ्याने लपवले की काय होतं, आणि न मारता नक्कल करणाऱ्या मी लपवले तेव्हा काय झालं. वाटाणा खा म्हटलं, वाटाणा म्हणून खा. ज्याला सोडलं त्याचा मुखवटा त्याला चढवू नका, आत कोण येऊन बसेल ते सांगता येत नाही. टाळ्या पडल्या नाहीत. मोठ्या बाईंनी एकदा मान वळवून दाराकडे पाहिलं.

मी खूप ओरडले, दादा. घसा बसला आहे.

ध्वनिमुद्रण सोबत पाठवते. तू सगळं ऐक, आईलाही ऐकव.

बोकडाला मात्र चौथ्या मिनिटापर्यंतच.

तोफ